संक्रांतीच्या हातातलं डाळिंब

यंदाही तो मजकूर आला. भाची प्राचीनं मला पाठवला, तिला तिच्या सासूनं, सासूला भिशीतल्या कुणीतरी. संक्रांत यंदा मोरपंखी नेसून, म्हशीवर बसून, हातात डाळिंब घेऊन आली आहे, तेव्हा मोरपंखी वर्ज्य. ज्यांनी आधीच घेतलं असेल त्यांनी पिवळ्या खड्याचं काहीतरी अंगावर घालावं आणि हा निरोप अकरा जणींना कळवावा. खाली जोडलेले हात आणि एक पणती. रंग दर वर्षी बदलतो, म्हशीचा मध्येच वाघ होतो, एका वर्षी तर उंट आला होता. डाळिंब मात्र इतक्या वर्षांत कुणी हलवलेलं नाही. ते डाळिंब माझं आहे. नांदेडला नगरपालिकेच्या नळावर, सोळाव्या वर्षी, हंडा भरेपर्यंत जो वेळ मिळतो तेवढ्यात मी ते संक्रांतीच्या हातात दिलं. प्राचीला हे सांगितलं की तिला वाटतं मावशी गंमत करते. ती मोबाइलवरून दागिन्यांचे सेट विकते, हंगाम सुरू व्हायच्या आधी यंदा कुठला रंग चालणार त्याचे फोटो मला दाखवते, आणि ज्याला ती ‘सेज ग्रीन’ म्हणते तो सुकलेल्या कढीपत्त्याचा रंग आहे हे मी सांगितलं की हिरमुसते. डाळिंब कुणाचं याच्याशी तिला कर्तव्य नाही. पिवळे खडे किती मागवू, एवढंच ती विचारते.

आम्ही तेव्हा नदीकडच्या एका गल्लीत दोन खोल्यांत राहायचो. पहाटे गुरुद्वाऱ्याकडून कीर्तनाचा आवाज यायचा, मग अप्पांचा रेडिओ, आणि मग मायच्या पितळी ताटातले खडे. खडे ताटात ओतताना जो आवाज होतो तो मला आजही कुठेही ओळखू येईल. माय उंबऱ्याशी बसायची, कारण तिचं म्हणणं असं की रंग फक्त उंबऱ्यावर खरा दिसतो. आत घर त्याला काळा करतं आणि बाहेर ऊन त्याला पांढरा करतं. उजव्या पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवलेला, मांडीवर ताट, तोंडात दोऱ्याचं टोक, त्यामुळे सकाळी ती आम्हाला जे काही रागवायची ते सगळं दात न उघडता. बारा वर्षं तिनं सराफ्यातल्या एका पेढीच्या ओट्यावर बसून पोती आणि ठुश्या गाठवल्या होत्या. काम तिचं, नाव पेढीचं. बायका पोत गळ्यात घालून आरशात बघायच्या आणि शेठजींना म्हणायच्या, तुमच्याकडचं गाठवणं लई सुबक. शेठजी मान डोलवायचे. माय त्या मानेची नक्कल करायची आणि आम्ही हसून लोळायचो. ती ही नक्कल जरा जास्तच वेळा करायची, हे आता लक्षात येतं.

त्या दिवाळीला तिनं ओटा सोडला आणि पहिल्यांदा स्वतःचा माल केला. अप्पा पाटबंधारे खात्यात कारकून होते. त्यांनी कचेरीतल्या वळणदार अक्षरात पाटी रंगवली, ‘सुमन मॅचिंग दागिने. येथे साडीप्रमाणे खडे जुळवून मिळतील.’ मॅचिंग हा शब्द आमच्या गल्लीत नवाच आला होता, आणि तो पाटीवर आल्यापासून माय पाटीखाली जरा ताठ बसायची. खडे अर्थात काचेचे. खरा पुष्कराज आणि खरा पाचू आम्ही फक्त नावानं ओळखायचो. ‘ह्या संक्रांतीला माल उठला तर बसते घरीच,’ ती अप्पांना म्हणाली, ‘न्हाई उठला तर ओटा काय पळून जात न्हाई.’ आम्ही बौद्ध. हळदीकुंकवाचं बोलावणं आम्हाला फारसं नसायचं, पण हळदीकुंकवाला निघालेल्या निम्म्या गल्लीच्या गळ्यात मायच्या हातचं काहीतरी असायचं. पुढच्या वर्षी ते तिच्या नावानं असावं, एवढीच तिची इच्छा होती.

तिच्या कामाचं खरं भांडवल म्हणजे ओट्यावर असल्यापासून तिनं ठेवलेलं एक रजिस्टर. अप्पांच्या कचेरीतून रद्दीत निघालेलं, पाणीपाळीच्या रकान्यांचं. गिऱ्हाईक बाई साडी आणायची नाही, पदराच्या दशीचा एक धागा आणायची. माय तो डिंकानं रजिस्टरात चिकटवायची आणि शेजारी मी रंगाचं नाव लिहायचे, कारण माझं अक्षर अप्पांवर गेलं होतं. नावं मायची: कोवळ्या हरभऱ्याचा, करडईच्या फुलाचा, शिळ्या भाकरीचा, येसराच्या मसाल्याचा. यात चूक केलेली तिला खपायची नाही. एकदा मी आमसुलीला जांभळा लिहिलं तर तिनं अख्ख्या पानावर मला ‘आमसुली’ लिहायला लावलं. ‘जांभळा येगळा, वांगी येगळा, आमसुली येगळा,’ ती दोरा दातात धरून म्हणायची, ‘डोळे असून आंधळ्यावानी कामून करून राहिली गं?’ सोळाव्या वर्षी मला हे सगळं फार हास्यास्पद वाटायचं. पण रंग बघितला की नाव आपोआप मनात उमटायचं, आणि एकदा उमटलं की दुसऱ्या नावानं त्याला हाक मारणं मला जमायचं नाही. पुढचा सगळा घोळ या चांगल्या सवयीतून झाला.

दिवाळीनंतर साडीच्या दुकानात गादीवर बसणाऱ्या माणसानं मायला सांगितलं, बाई, ह्या हिवाळ्यात हळदी पिवळा. सगळा माल पिवळाच येणार. माय त्याच्या शब्दावर चालायची, कारण मागच्या दोन हंगामांत त्याचा अंदाज चुकला नव्हता. तिनं डोळे मिटून पिवळे खडे घेतले आणि दोन महिने आमच्या घरात पिवळ्याशिवाय दुसरं काही दिसेना. कुडी पिवळी, पोतीतलं पदक पिवळं. अप्पांच्या ताटात एकदा वरणात खडा निघाला, तोही पिवळा. त्यांनी तो धुऊन परत दिला आणि ‘हा पुष्कराज शिजलेला नाही’ असं म्हणाले.

त्या दोन महिन्यांत वेगळं असं एकच काम होतं. शेजारच्या कौशल्याकाकूंच्या शोभाचं लग्न उन्हाळ्यात लातूरला झालं होतं. काकूंची शेती मुदखेडकडे, माणसं मोकळी, आणि शोभा माझ्याहून दोन वर्षांनी मोठी असली तरी माझी मैत्रीण. तिच्या पहिल्या संक्रांतीला माहेरची साडी जायची होती. काकूंनी साडी आणली आणि म्हणाल्या, ‘सुमनबाई, ह्या जांभळ्यावर काहीतरी बगा.’ माय म्हणाली, ‘हे जांभळं न्हाई काकू, वांगी हाय.’ काकू म्हणाल्या, ‘असंल बाई.’ मग सुरू झाला खड्याचा शोध. हैदराबादहून कागदाच्या पुड्यांत खडे घेऊन एक चाचा यायचे. ते दर खेपेला जांभळे खडे पुढे करायचे, माय दर खेपेला मान हलवायची. ‘जामुनी ले लेव आपा,’ ते कळवळून म्हणायचे, ‘ऐसा बैंगनी कां से लाऊं मैं?’ चौथ्या खेपेला त्यांनी न बोलता एक पुडी उघडली. मायनं एक खडा मेण लावलेल्या काडीवर उचलला, दशीशेजारी धरला आणि दोऱ्याचं टोक तिच्या तोंडातून खाली पडलं. मी रजिस्टरात लिहिलं, शोभाताई, वांगी. एवढं सुंदर काम तिनं आधी केलं नव्हतं. सेट तयार झाल्यावर ती तो दोन दिवस उंबऱ्यावर ठेवून नुसती बघत होती. मग तो साडीच्या घडीत लातूरला गेला.

आणि मग नवं पंचांग आलं. आमच्या घरात नाही. अप्पांनी ते कधी येऊ दिलं नाही. पण गल्लीत आलं आणि दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं की यंदा संक्रांत पिवळं नेसून आली आहे. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे संक्रांत जे नेसते ते त्या वर्षी आपण नेसायचं नसतं, ती जे हातात धरते त्याचं काही बरं होत नाही. बायका आमच्या दारावरून जाताना ताटाकडे बघून मान फिरवायला लागल्या. ज्यांनी आधी सांगून ठेवलं होतं त्यांनी हिरवं मागितलं. मायनं पिवळ्या कुड्या ओळीनं कागदावर लावल्या, परत काढल्या, परत लावल्या. दुसऱ्या दिवशी तिनं अप्पांना विचारलं, ‘शेठजीकडं ओट्यावर कुनी बसवलंय का हो?’ तिचा तो आवाज मला सहन झाला नाही.

म्हणून मी नळावर गेले. ठरवून गेले असं म्हणणार नाही, पण हंडा लावल्यावर जे तोंडून निघालं ते फार बांधीव निघालं. ‘पंचांगात छापायची चूक झाली म्हनं,’ मी म्हणाले, ‘देगलूरच्या पलीकडं तेलुगू पंचांगात बराबर दिलंय. पिवळं न्हाईच. जांभळं नेसून, म्हशीवर बसून, हातात डाळिंब घेऊन आली.’ एका बाईनं विचारलं, ‘आन् ज्यांनी जांभळं घेतलं त्यांनी काय करायचं गं?’ मी क्षणभरही थांबले नाही. ‘पिवळ्या खड्याचं काहीतरी अंगावर घालायचं.’ जांभळं मी निवडलं, कारण त्या वर्षी आमच्या रजिस्टरात एकही जांभळा धागा नव्हता. मी सगळी पानं मनातल्या मनात चाळली होती. कुणाचंही नुकसान होणार नव्हतं. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

चार दिवसांत आमच्या दारात रांग लागली. मुदखेडहून बायका आल्या, एक तर माहूरला देवीला निघालेली होती ती वाट वाकडी करून आली. जांभळं जिच्या घरात चिंधीएवढंही नव्हतं तीसुद्धा असावं म्हणून पिवळा खडा घेऊन गेली. माय चकित झाली. ती दोऱ्याचं टोक तोंडातून काढून लोकांशी बोलायला लागली, बोलताना हसायला लागली. ‘बायका माल बघून येऊन राहिल्या,’ ती अप्पांना म्हणाली, ‘नुस्तं रंगाचं न्हाई, कामाचं बघतेत.’ अप्पांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते दर रविवारी विहारात असल्या गोष्टींवर बोलायचे आणि त्या रविवारी ते फक्त डाळिंबावर बोलले. जेवतानासुद्धा तेच. ‘पिवळं काय, जांभळं काय, शिकलेली माणसं आमच्या कचेरीत हेच बोलत आहेत. हे डाळिंब ज्याच्या डोक्यातून निघालं तो माणूस मला एकदा बघायचाय.’ मी भाकरी शेंगदाण्याच्या चटणीला लावून खाली बघत राहिले. माय मला म्हणाली, ‘तेल घे की चटनीवर, कोरडी कामून खाती?’ त्या दिवशी मला वाटलं, जगात माझ्याएवढी हुशार मुलगी नसेल.

संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशी कौशल्याकाकू लातूरहून परत आल्या. घरी न जाता त्या बसस्टँडवरून थेट आमच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. मांडीवर गाठोडं होतं. तिळगूळ घेऊन लेकीकडे गेल्या होत्या, आणि शोभाच्या सासूनं, गोदाबाईंनी, साडी आणि सेट तसाच त्यांच्या पदरात परत घातला. ‘यंदा जांभळं वर्ज्य हे समद्या मुलखाला ठावं, आन् तुमाला ठावं न्हवतं व्हय? लेकीच्या पहिल्या सनाला असं पाठवतेत?’ काकू हे सांगता सांगता रडायला लागल्या. शोभाला हळदीकुंकवाला बायकांत बसू दिलं नव्हतं. रथसप्तमीपर्यंत घरोघरची हळदीकुंकवं चालायची, आणि तोवर ती स्वयंपाकघरातच राहणार होती. ‘लेक म्हनती, माय, तू असं कामून केलं. मी काय सांगू तिला?’ मायनं गाठोडं सोडलं, सेट बाहेर काढला आणि पदरानं पुसला. मी मागे दाराला टेकून उभी होते.

काकू गेल्यावर मी सांगून टाकलं. नळ, पंचांग, म्हैस, सगळं. मला वाटलं होतं माय मारेल. ती कधी मारायची नाही, पण त्या दिवशी मारावं अशी माझीच इच्छा होती. तिनं ताट बाजूला ठेवलं.

‘आन् डाळिंब कशाला घातलंस?’

‘नुस्तं बरं वाटलं म्हनून.’

‘जांभळंच कामून?’

‘रजिस्टरात यंदा जांभळं कुनाचंच नव्हतं.’

‘शोभाचं?’

‘ते तर वांगी हाय ना, माय.’

माय माझ्याकडे बघत राहिली. मी खरंच तसंच समजत होते. नळावर उभी राहून सगळी पानं आठवली तेव्हा शोभाच्या पानावर वांगीच लिहिलेलं होतं, आणि वांगी म्हणजे जांभळं असं ज्यांना वाटतं ती माणसं माझ्या हिशेबात नव्हती. मायच्या तोंडावर एक क्षण हसू आलं आणि गेलं. संध्याकाळी अप्पा आल्यावर तिनं मला पुन्हा सगळं सांगायला लावलं. अप्पांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, ‘बघितला तो माणूस.’ त्यांना झालेलं दुःख मला दिसत होतं. आठ दिवस ज्या माणसाला ते गावभर शिव्या देत होते तो त्यांच्याच पंक्तीला जेवत होता. शेवटी एवढंच म्हणाले, ‘लातूरला जा. आधी खरं सांगायचं. बाकी सगळं नंतर.’

मायनं धपाटे बांधून घेतले, गाठोडं घेतलं आणि रजिस्टर पिशवीत घातलं. लोहा आणि अहमदपूर येऊन गेलं तरी ती माझ्याशी चार शब्द बोलली असेल. गोदाबाईंचं घर आडत बाजाराच्या मागे, दारातच तुरीच्या डाळीचा वास. आत पाच-सहा बायका तीळ निवडत बसल्या होत्या. शोभा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला बघून तिनं तोंड फिरवलं. गोदाबाई रुंद अंगाच्या, आवाज मोठा, पण आम्हाला बसायला चटई दिली. मी उभीच राहिले आणि पाठ केलेलं सगळं एका दमात सांगितलं, की जांभळ्याचं मीच उठवलं, तेलुगू पंचांग मी डोळ्यानं पाहिलेलं नाही, संक्रांतीच्या हातात डाळिंब मी दिलं. माझे डोळे भरून आले होते. वाटलं, आता सगळं सुटलं.

गोदाबाईंनी सुपातले तीळ पाखडले. ‘पोरी, तू नळावर बोलली असशील. मला तर माझ्या नंदेनं हिमायतनगरहून सांगून पाठवलं. हिमायतनगरला तुझा नळ हाय का?’

‘तिथपर्यंत पोचलं असंल,’ मी म्हणाले.

‘आन् वरच्या आळीची बाई जांभळं नेसली तर तिची म्हैस आटली. तेबी तूच केलं?’

बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. त्यांतली एक म्हातारी मघापासून माझ्याकडे टक लावून बघत होती. ती म्हणाली, ‘अगं येड्यांनो, सोळा वर्साच्या पोरीला डाळिंब सुचतंय व्हय? हिच्या तोंडून कोन बोललं ते बगा की.’ मग म्हातारीनं मला जवळ बोलावून हळूच विचारलं, ‘बाळ, पुढल्या साली कोन्ता रंग?’ मी रडायला लागले. माझं खोटं चार दिवसांत तीन तालुके फिरून आलं होतं, आणि मी खरं घेऊन नव्वद मैल आले तर त्याला एकही गिऱ्हाईक मिळेना. मायकडे बघितलं तर ती खाली मान घालून पिशवी उघडत होती, आणि माझी खात्री आहे की ती हसू दाबत होती.

‘गोदाबाई,’ ती म्हणाली, ‘पोरीचं ऱ्हाऊ द्या. संक्रांत काय नेसून आली म्हन्लं?’

‘जांभळं.’

‘बरं. हे बगा जांभळं.’ तिनं रजिस्टरातलं एक जुनं पान उघडलं. ‘आन् ही तुमच्या सुनेच्या पदराची दशी. काय लिहिलंय बगा. पंचांग यायच्या आधीच लिहून ठेवलंय.’

‘वांगी,’ गोदाबाईंच्या शेजारणीनं वाचलं.

‘दोनी सारखंच हाय की,’ गोदाबाई म्हणाल्या.

‘उंबऱ्यावर या,’ माय म्हणाली.

सगळ्या बायका सुपं ठेवून उंबऱ्यावर आल्या. दोघी म्हणाल्या सारखं, तिघी म्हणाल्या वेगळं, एक म्हणाली की तिच्या लग्नातला शालू असाच होता आणि तो जांभळाच होता, दुसरी म्हणाली तो शालू आमसुली होता, आणि दोघींचं जुनं भांडण उकरून निघालं. मायनं आवाज चढवला नाही. तिनं सेटमधलं पदक उन्हाच्या कडेला धरलं आणि वाट बघत बसली. शेवटी गोदाबाई वैतागून ओरडल्या, ‘शोभे, टोपलीतलं एक वांगं आन गं.’ शोभा काटेरी देठाचं, ताजं, लहान वांगं घेऊन आली. सणाच्या सगळ्या दिवसांत ती पहिल्यांदाच बायकांत आली असावी. गोदाबाईंनी वांगं पदरानं पुसलं, चमकवलं, आणि मायच्या हातातला खडा घेऊन त्याच्यावर ठेवला. खडा दिसेनासा झाला. फक्त भोवतीचं कोंदण दिसत राहिलं. त्यांनी खडा उचलला, पुन्हा ठेवला, मग शेजारणीकडून ठेववून बघितला.

‘वांगीच हाय गं,’ गोदाबाई हळू आवाजात म्हणाल्या.

‘भोगीला वांगं खाल्लंच की आपन,’ म्हातारी म्हणाली. ‘भाजीत चाललं ते अंगावर कसं न्हाई चालायचं?’

शोभानं विचारलं, ‘आत्याबाई, नेसू का मग?’

‘नेस की,’ गोदाबाई म्हणाल्या. ‘न्हाई कोन म्हन्लं?’

शोभा साडी नेसून, सेट घालून बाहेर आली तेव्हा बायका तिच्या गळ्याशी वाकून वाकून बघत होत्या. माझ्याजवळून जाताना तिनं मला दंडाला जोरात चिमटा काढला. तो रागाचा होता आणि माफीचाही, आणि आठवडाभर निळा राहिला. निघताना गोदाबाईंनी वाटीतून तिळगूळ आणला आणि मायपुढे धरताना थबकल्या. ‘तुमच्यात चालतंय का?’ माय म्हणाली, ‘गूळ कुनाला चालत न्हाई?’ आणि दोन खडे उचलून एक माझ्या तोंडात घातला.

येताना बसमध्ये आम्ही धपाटे खाल्ले. मला वाटलं माय आता खूश असेल, म्हणून मी म्हातारीची नक्कल करायला लागले. ती हसली नाही. खिडकीबाहेर हरभऱ्याची शेतं जात होती. ती म्हणाली, ‘ते पिवळे खडे उठले तवा मला वाटलं, बायका माझं काम बगून आल्या.’ एवढंच म्हणाली. मला तोवर वाटत होतं की मी शोभाचं वाईट केलं आणि ते आता निस्तरलं. मायचं मी भलंच केलं, असं मी धरून चालले होते. बारा वर्षं दुसऱ्याच्या नावानं गाठवल्यावर तिला पहिल्यांदा वाटलं होतं की लोक आपल्यासाठी आले, आणि ते आले होते म्हशीवर बसलेल्या माझ्या डाळिंबाला भिऊन. मी अहमदपूरपासून नांदेडपर्यंत रडले. मला इतकी लाज आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही, आणि नंतर लाज वाटण्याजोगं मी पुष्कळ केलं आहे.

घरी आल्यावर तिनं अप्पांना सांगितलं, रथसप्तमी झाली की ओट्यावर जाते. शेठजींना कळवा. अप्पांनी पाटी काढायला स्टूल घेतलं आणि तिथंच ठेवलं. रथसप्तमीपर्यंत ते स्टूल पाटीखाली नुसतं उभं होतं. मी अप्पांच्या हुकमानं रोज नळावर जाऊन खरं सांगत होते आणि रोज कुणीतरी मला पुढल्या वर्षीचा रंग विचारत होतं. माय पितळी ताट घासून पुसून कोनाड्यात ठेवून बसली होती.

रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी एक बाई दारात उभी राहिली. मी ओळखलं, गोदाबाईंची शेजारीण, रजिस्टरातलं वाचून दाखवणारी. लातूरहून पहिल्या बसनं आली होती. तिनं पदराची गाठ सोडून त्यातून एक दशी काढली. राखाडीत जरा निळं, जरा हिरवं, असा काहीतरी अवघड रंग होता. ‘धाकट्या नंदंचं लगीन हाय,’ ती म्हणाली, ‘लातुरात कुनाला जुळवता येईना. तुमाला येईल बगा.’

मायनं दशीकडे बघितलं नाही. तिनं वळून माझ्याकडे बघितलं.

‘हिला काय सांगितलंस तू?’

‘काही न्हाई, माय.’

‘खरं सांग.’

‘खरंच काही न्हाई.’

‘ही पोर कशाला सांगंल?’ बाई म्हणाली. ‘मी माझ्या डोळ्यानं बघितलं की, वांग्यावर खडा धरलेला.’

मग मायनं कोनाड्यातून ताट काढलं, अप्पांचं स्टूल पायानं बाजूला सरकवलं, उंबऱ्याशी बसली आणि दशी दोन बोटांत धरून वर उचलली.

‘जरा उजेड सोडा, बाई,’ ती म्हणाली.